पहिल्या हाकेची ओ

१

आमचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात हाक मारायची आणि त्यांनी ओ दिली की ती रेकॉर्ड करायची. याला पगार आहे म्हटलं की मग माझी पोरगी लावता का म्हणून विचारतात.

पांढुर्ण्याला बसस्टँडजवळ टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कंपनी बाहेरची. ती एक डबी बनवते, चहाच्या कपाएवढी. मुलं नागपूर-पुण्याला आणि आईबाप गावात, अशा घरांसाठी. डबी दिवसातून काही वेळा नाव घेऊन हाक मारते. घरातून ओ आली की मुलाच्या मोबाइलवर 'ठीक आहे' असा मेसेज जातो. नाही आली तर फोन वाजत सुटतो. पण ओ म्हणजे काय, हे डबीला कसं कळणार? म्हणून तिला लाखो ओ ऐकवायच्या. खोकल्यातली, न्हाणीतली, टीव्हीच्या आवाजातली, अर्धवट झोपेतली. आमच्यासारखी ऑफिसं तालुक्यातालुक्याला आहेत, आणि सगळ्यांचा माल एकाच ढिगात जातो. तो अख्खा ढीग ऐकायचा म्हटलं तर एका माणसाचं आयुष्य पुरायचं नाही. त्यामुळे तो कोणीच ऐकत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

पहिला घोळ रामाकोन्याला झाला. एक आजी माझ्यासमोर बसल्या होत्या, माझ्याकडेच बघत होत्या. मी नाव घेऊन हाक मारली. त्या गप्प. दुसरी मारली, तरी गप्प. तिसरीला म्हणाल्या, "ओ."

"आजी, पहिल्यांदाच ओ द्या ना."

"पयली हाक आपली नाई रायत, बाई."

पुढच्या घरी तेच. सौसरला तेच, जामसांवलीच्या रस्त्यावरच्या वस्त्यांतही तेच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची ही सवयच आहे, तिसऱ्या हाकेशिवाय तोंड उघडायचं नाही. पुण्यात उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्या कंपनीवाल्यांना मात्र एक हाक, एक ओ असंच पाहिजे होतं. शेवटी आमचे साहेब अभिजीत सरांनी तोड काढली. तिन्ही हाका रेकॉर्ड करा, मधलं कापा, पहिली हाक शेवटच्या ओ ला जोडा. मी आणि ऑफिसातली डिंपल, आम्ही दोघींनी कित्येक महिने हेच केलं.

एकच फाइल मला कापावी लागली नाही. ती माझ्या बाबांची.

२

बाबा तिगाव स्टेशनला पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. "रेलवेत मास्तरले दुसरी हाक मारा लागली, त समज गाडी गेली," असं ते म्हणायचे. शिवाय आम्ही बौद्ध. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, आणि बाबांचा एकच धाक : जे डोळ्यांना दिसत नाही त्याला या घरात थारा नाही. आई, म्हणजे पंचफुला, दीक्षा तीच, पण माहेरची सवय सुटलेली नाही. ती तिसऱ्या हाकेलाच ओ देते. यावरून दोघांची रोज जुंपायची.

"कोन येते तुया पयल्या हाकेले? नाव सांग त्याचं," बाबा विचारायचे.

"मले काय माईत. मी पाह्यले गेली का?"

मी बाबांच्या बाजूची. मी बी.सी.ए. केलेलं, मला अंदाज नको, पुरावा पाहिजे.

कापलेले तुकडे फेकायचे नव्हते. पहिल्या हाकेनंतरची शांतता एका फोल्डरमध्ये, दुसरीनंतरची दुसऱ्यात. दोन्हींवर 'ओ नाही' असं लिहिलेलं. ओ म्हणजे काय ते शिकवायचं तर ओ नसणं म्हणजे काय तेही शिकवावं लागतं. पण यंत्र काही केल्या शिकेना. पहिल्या फोल्डरमधल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याला ते म्हणायचं, ओ आहे.

"तुम्ही कापताना चुकताय," अभिजीत सर फोनवर म्हणाले.

डिंपलला राग आला. "ताई, मी काय झोपून कापत होती का?"

आम्ही पुन्हा ऐकायला बसलो. पंखा, कुकरची शिट्टी, बकरी, कोणीतरी कपडे आपटतंय. बाकी काही नाही. मग सरांनी सगळे तुकडे एकावर एक ठेवले. साधी गोष्ट आहे. एका घरात पंखा, दुसऱ्यात कोंबड्या. हजारो घरं एकावर एक रचली की हे सगळे आवाज एकमेकांत विरून जातात. सगळ्या घरांत जे सारखं असेल, तेवढंच उरतं.

फाइल आली तेव्हा भर दुपार होती आणि वीज गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, खाली टायरवाला हवा भरत होता. इअरफोनचं एक बोंडूक डिंपलच्या कानात, एक माझ्या. आधी नुसती सरसर, तुरीच्या डाळीवर हात फिरवल्यासारखी. मग त्या सरसरीतून कोणीतरी म्हणालं, "ओ."

बाईचा आवाज नव्हता, पुरुषाचाही नव्हता. घाई नव्हती त्यात. कोणीतरी जवळच बसलेलं असावं आणि आपलंच नाव घेतलंय असं समजून त्यानं उत्तर द्यावं, तसा.

मला भीती वाटली, हे कबूल करते. पण भीती वाटली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. मी म्हटलं, आमच्या कापण्यात खऱ्या ओ ची टोकं राहिली असतील, ती गोळा झाली. तसं असेल तर दुसऱ्या फोल्डरमध्येही ती सापडली पाहिजेत, उलट जास्तच, कारण खरी ओ त्यांच्या जवळ असते. मी सरांना सांगून दुसरीनंतरची शांतता रचायला लावली. नुसती सरसर. शेवटपर्यंत.

"ताई," डिंपल म्हणाली, "सगळ्याईच्या घरी एकच कोनी बसून आहे का?"

मी तिला झापलं. ती खाली जाऊन टायरवाल्याशी बोलत उभी राहिली आणि वीज येईपर्यंत वर आली नाही.

३

चाचणीसाठी डब्या आमच्याच घरांत ठेवायच्या होत्या. मला नकार देता आला असता. पण मग मी डिंपलला कोणत्या तोंडाने झापलं होतं?

बाबा तर खूश. डबी "भिवाजी!" म्हणाली की असतील तिथून दणदणीत "ओ!"

"मायासाठी त कधी येवढे उठले नाई," आई टोमणा मारायची.

बाबांना चक्कर यायची अधूनमधून, बीपीची गोळी होती. दिवसभर मी पांढुर्ण्याला, त्यामुळे मोबाइलवर 'ठीक आहे' दिसलं की मला खरंच बरं वाटायचं. हे मी विसरलेली नाही.

मग आम्ही बाबांच्या डोळ्यांसाठी सौसरला गेलो. तिघंही. घराला कुलूप. दवाखान्यात बाकावर बसलो होतो आणि माझा मोबाइल वाजला. 'ठीक आहे.'

चाचणीच्या डबीची प्रत्येक ओ मोबाइलवर ऐकता यायची. मी ती लावली. बाबांचीच होती. मागे मालगाडीची धडधड.

"जुनं रेकॉर्डिंग वाजलं असेल," मी म्हटलं. "बिघाड आहे."

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःच पुन्हा लावलं, कानाशी धरून. मला वाटलं आता थट्टा करतील. त्यांनी मोबाइल परत दिला आणि भिंतीकडे बघत बसले.

"बाबा, काय झालं?"

"त्यात पंखा नाई," ते म्हणाले. "मी घरात असलो का पंखा चालू रायते."

येताना बसमध्ये आई संत्री सोलून देत होती. बाबांनी एकही फोड घेतली नाही.

४

त्या दिवसापासून बाबा डबीशी शर्यत लावू लागले. दुसरा शब्द नाही त्याला. खुर्ची ओढून ते डबीसमोर बसायचे, आणि डबी "भि" म्हणते न म्हणते तोच "ओ!" म्हणून ओरडायचे. मग मान तिरकी करून ऐकायचे, आपल्या ओ ला जोडून आणखी एखादी आली का ते. कधी कधी सबंध दुपार तशीच जायची. जेवण निवून जायचं. डबी ठरलेल्या वेळी हाक मारत नव्हती, तसं कंपनीनंच मुद्दाम ठेवलेलं, म्हणून त्यांना उठताच येईना.

"कायले जीव आटवून राहिले तुमी?" आई म्हणाली. "पयली सोडून द्या ना. तिसरीले द्या."

"काऊन सोडू? नाव माह्यं, घर माह्यं, अन् ओ दुसऱ्यानं द्यायची?"

"बाबा, दुसरं कोणी नाही," मी म्हटलं. "तुमचाच आवाज आहे. यंत्र तुमच्या आवाजावर शिकलंय."

"हो ना. माह्याच आवाजात देऊन राहिलं." ते माझ्याकडे पहिल्यांदाच हरलेल्या माणसासारखे बघत होते. "प्रणाली, काल मले वाटलं मी ओ देली. तुई माय म्हने, तुमी बोललेच नाई."

मी डबीचा प्लग काढला, ती कपाटात टाकली आणि अभिजीत सरांना फोन लावला.

"सर, माझ्या वडिलांची फाइल काढून टाका."

"काढतो की. पण त्याने काही होणार नाही. त्यातून जे शिकायचं ते यंत्र कधीच शिकलं. आता लाखो ओ मधून तुझ्या वडिलांची वेगळी कशी काढू? पिठात मीठ कालवलं की वेचता येतं का?"

"आमच्या भागातल्या सगळ्या कापलेल्या आहेत सर. पहिल्या हाकेला खरी ओ एकट्या बाबांचीच आहे."

 सर म्हणाले, "म्हणूनच यंत्राला ती सगळ्यांत पक्की वाटते. इतरही कितीतरी आवाज ते तिच्यावरून ताडून बघतं."

मी फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत बाबा कोणी हाक मारलेली नसताना "ओ" म्हणाले. मग, तिकडूनच, अगदी हळू, आईला म्हणाले, "आत्ता मीच बोललो ना वो?"

५

नागपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं. वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. बाबा पुन्हा जेवू लागले. मला वाटलं, सुटलो.

मग आईला भाचीच्या बारशाला रामाकोन्याला एक रात्र जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा बाबा एकटे राहणार होते. चक्कर येऊन पडले तर कळणार कसं? मी कपाटातून डबी काढली आणि पुन्हा लावली. मी, जिने सगळं कानांनी ऐकलं होतं. पण काळजी माणसाला अशी आंधळी करते. हाताशी जे असेल ते माणूस धरतो.

बाबांनी डबीकडे एकदा बघितलं. त्यांनी पाण्याची मोटार सुरू केली, मला म्हणाले, "आरामात जाजो," आणि आतून कडी लावून घेतली.

ऑफिसात मेसेज येत राहिले. 'ठीक आहे.' 'ठीक आहे.' जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. ते फोन चार्जिंगला लावून विसरतात, त्यात नवं काही नाही. तरी मी नुकतीच आलेली ओ ऐकली. बाबांचा आवाज, छान खणखणीत. मागे पाणी पडत होतं.

टाकी भरून वाहत होती. बाबांच्या घरात. नळ ठिबकला तर झोपेतून उठणारा माणूस.

मी आधीची ओ लावली. पाणी. त्याच्या आधीची. पाणी. प्रत्येक ओ च्या मागे तीच धार, आणि प्रत्येक ओ तितकीच खणखणीत.

डिंपलची स्कूटी घेऊन मी तिगावला कशी पोचले ते मला आठवत नाही.

६

पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर आलं होतं. आई दारात उभी होती, बारशाच्या साडीत, पिशवी हातात. नुकतीच ऑटोतून उतरलेली. शेजारचे गुणवंताकाका आपल्या अंगणातून बघत होते.

"मी मघा बोंबललो, दादा, पानी वाहून राहिलं म्हनून," ते मला म्हणाले. "ओ देली त्याईनं. मले वाटलं करतीन बंद."

"मले बी ओ देली," आई म्हणाली. "पन कडी काढून नाई राहिले."

मी दाराला हात लावला. दार उन्हाने तापलेलं होतं. माझ्या आयुष्यात मी आईला जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"आई, तीनदा हाक मार."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला समजलं. तिचा आवाज आधीच फुटला होता, तरी तिने मारली.

"अवो."

"ओ," आतून आलं. लगेच.

"अवो."

पाण्याची धार.

"अवो, प्रणालीचे बाबा."

आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. रुळांवरून एक मालगाडी आली आणि गेली, तेवढा वेळ. आई पिशवीसकट उंबऱ्यावर खाली बसली.

काकांनी खांदा मारून कडी तोडली. बाबा डबीसमोर खुर्चीत बसलेले होते. मान तशीच, तिरकी. मी गुडघ्यावर बसून त्यांचा हात हातात घेतला आणि तो मला वाकवता आला नाही. सकाळीच गेलेत, डॉक्टर नंतर म्हणाले, बहुधा मोटार लावून बसले तेव्हाच.

मी डबीचा प्लग उपटला. ती हातात होती, वायर लोंबकळत होती, तेव्हाच गुणवंताकाकांच्या घरच्या शोभाकाकू रस्त्यावरून धावत आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

"भिवाजीदादा!" त्यांनी बाहेरून हाक मारली.

माझे डोळे बाबांच्या चेहऱ्यावर होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"ओ."

डबीतून नव्हे. खुर्चीची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती, तिथून. काकांनीही ऐकलं, कारण ते एकदम मागे सरले आणि त्यांचा धक्का लागून दिवाणावरचा तांब्या पडला. त्या वीतभर जागेत भिंतीचा रंग दिसायला पाहिजे होता. मला तो दिसला नाही. तिथे काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी बघायचं थांबवलं आणि बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे गच्च मिटून घेतले.

७

ते काम मी सोडलं. डबी परत केली. अभिजीत सरांनी हळहळ व्यक्त केली आणि जाता जाता, वाईट हेतूने नाही, म्हणाले की डबी आता बाजारात आली आहे, मोठमोठ्या शहरांत चालली आहे, आणि तुमच्या भागातला माल सगळ्यांत स्वच्छ निघाला. कितीतरी मुलांच्या मोबाइलवर रोज 'ठीक आहे' येत असेल. मी त्यांना काय कळवू आणि कोणाला कळवू?

मला बाबांना हाक मारावीशी वाटते. इतकी वाटते की कधी कधी तोंडात पदर कोंबते. पण मी मारत नाही.

आई मारते. दुपारी भांडी आवरली की ती बाहेरच्या खोलीत येते, रिकाम्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, "अवो."

आणि ओ येते.

पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. "आई, ते बाबा नाहीत. तुला माहीत आहे ना? तूच सांगायची, पहिली हाक सोडून द्या म्हणून."

तिने माझा हात बाजूला केला. रडत नव्हती ती.

"दुसरी हाक मारली का मंग कोनी बोलत नाई," ती म्हणाली. "तवा समजते मले, का ते गेले. म्हनून मी आता एकच मारतो, बाई."